बहिणाबाई चौधरी : रोजच्या त्याच त्या कामातून उगवलेलं गाणं



आजचा पाठ एका अशा बाईंवर आहे, ज्यांचं नाव महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेत माहीत आहे. आपण सगळ्यांनी त्यांच्या कविता शाळेत पाठ केल्या, आता आपली मुलं करतात. पण कविता बाजूला ठेवून त्यांचा एक दिवस कसा जात होता, हे आपण क्वचितच मुलांना सांगतो. मला वाटतं, खरा धडा तिथेच आहे. आधी मात्र माझ्याच वर्गातली एक गोष्ट सांगते. त्याशिवाय हा पाठ मी का लिहायला घेतला ते कळणार नाही.

वर्गातली एक वही

मी नागपूरला कळमना भागात शिकवते. कळमना म्हटलं की नागपूरकरांना आठवते ती कृषी उत्पन्न बाजार समिती. धान्य, भाजी, फळं, मिरची, सगळा माल इथे उतरतो. संत्र्याचे दोन बहार, आंबिया आणि मृग, इथे ढिगांनी दिसतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी लाल मिरची येते, तेव्हा वाऱ्याबरोबर तिखट वर्गापर्यंत पोहोचतं आणि मुलं शिंकत बसतात. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांचे वडील हमाल आहेत, कुणी मापाडी, कुणी ऑटो चालवतात. आया धान्य पाखडतात, सांडलेलं वेचतात, मिरचीचे देठ खुडतात.

काही वर्षांपूर्वी पाचवीच्या वर्गाला मी निबंध दिला होता, ‘माझ्या आईचा दिवस’. बहुतेकांनी गाईडमधला निबंध उतरवला. त्या निबंधातली आई सकाळी तुळशीला पाणी घालते आणि संध्याकाळी गोष्ट सांगते. एका मुलाने मात्र खरं लिहिलं. माय उठते, पाणी भरते, भाकरी करते, मार्केटात जाते, मिरच्या खुडते. तिचे हात जळतात, डोये जळतात. घरी येते, सैपाक करते, झोपते. मग उठते, पाणी भरते. असं तीनदा. तीन दिवस त्याने ओळीने लिहिले होते आणि तिन्ही दिवस सारखेच होते.

मी काय केलं? ‘डोये’ला लाल गोल केला आणि वर ‘डोळे’ लिहिलं. ‘सैपाक’ला गोल केला. खाली शेरा दिला की पुनरावृत्ती टाळावी. दहापैकी चार गुण दिले.

पालकसभेला त्याची आई आली. वही पाहून ती रागावली नाही, उलट तिलाच लाज वाटली. ती म्हणाली की मॅडम, पोराचं काही चुकलं नाही, माझ्या दिवसात लिहिण्यासारखं आहेच काय, रोज तेच तर असते. तेवढं बोलून ती कामावर निघून गेली, कारण अर्धा दिवस भरला नाही तर मजुरी कापली जाते.

पुढच्याच महिन्यात वर्गात बहिणाबाईंची कविता शिकवायला घेतली. फळ्यावर त्यांचे शब्द लिहिता लिहिता माझा हात थांबला. आपण वऱ्हाड-नागपूरकडे ‘ळ’चा ‘य’ करतो, तसाच तो बहिणाबाईंच्या बोलीतही होतो. त्यांचा पोळा ‘पोया’ असतो. जे पुस्तकात छापलं म्हणून मी फळ्यावर आदराने लिहीत होते, तेच वहीत दिसल्यावर मी लाल शाईने गोल केलं होतं. त्या दिवशी मी बहिणाबाईंचं चरित्र नव्याने वाचायला घेतलं.

जन्म आणि माहेर

बहिणाबाईंचा जन्म १८८० साली, नागपंचमीच्या दिवशी, खानदेशातल्या असोदे या गावी झाला. हे गाव जळगावपासून अगदी जवळ आहे. वडील उखाजी महाजन, आई भिमाई. घरात घमा, गना आणि घना हे तीन भाऊ, अहिल्या, सीता आणि तुळसा या तीन बहिणी. घर शेतकऱ्याचं. त्या काळी खेड्यातल्या शेतकऱ्याच्या मुलीला शाळेत घालायचा विचार कुणाच्या मनातही येत नसे. बहिणाबाई शाळेत गेल्या नाहीत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, ते शेवटपर्यंत आलं नाही.

मग त्या शिकल्या कुठे? शेतात, गोठ्यात, ओसरीवर. भजन-कीर्तन ऐकत, बायांच्या ओव्या ऐकत, सणावारांची गाणी ऐकत. कान हेच त्यांचं पुस्तक आणि आठवण हीच वही. मुलांना हे जरूर सांगावं, पण एक काळजी घ्यावी. शाळेत न जाताही मोठं होता येतं असा अर्थ मुलं पटकन काढतात. बहिणाबाईंना अक्षरं आली असती तर त्यांची किती तरी गाणी वाचली असती, हेही सोबत सांगावं.

सासर आणि संकटं

तेराव्या वर्षी त्यांचं लग्न जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरी यांच्याशी झालं. सासरचं घर मोठं, वतनदारीचं. मोठं घर म्हणजे सुनेला काम जास्त, हे आपल्याकडच्या बायांना वेगळं सांगायला नको. पुढे काशी ही मुलगी आणि ओंकार व सोपान हे दोन मुलगे झाले.

तिशीच्या आसपास नथुजी वारले. सोपान तेव्हा लहानगा होता. घरात वाटण्या झाल्या, हालाखी आली. प्लेगच्या आजारातून ओंकार वाचला, पण त्याला कायमचं अपंगत्व आलं. तरुण विधवा, तीन मुलं, शेती आणि कर्ता पुरुष नाही. त्या काळच्या समाजात विधवेकडे कसं पाहिलं जाई, हे आपल्याला ठाऊक आहे. आपल्या वैधव्यावरही त्यांनी गाणं केलं. कपाळाचं कुंकू पुसलं गेलं, तरी हातात मनगट उरलं आहे, हे बळ त्या गाण्यात जाणवतं.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. संकट आलं तेव्हा चार लोक येतात, धीर देतात, बाई त्या धक्क्यात दिवस काढते. खरी परीक्षा त्यानंतर असते. लोक आपापल्या घरी जातात आणि पहाटे जातं असतंच. म्हैस दूध काढायची थांबलेली असते, चूल पेटवायची असते, शेतात निंदण आलेलं असतं. असे दिवस एकदोन नसतात. बहिणाबाईंनी वैधव्यानंतर चाळीसएक वर्षं असे दिवस काढले.

त्यांचा एक दिवस

आता त्यांचा दिवस मुलांसमोर उभा करू या. यासाठी कल्पनेची फार गरज नाही, त्या काळच्या खानदेशी शेतकरी घरातलं कामच तसं ठरलेलं होतं.

पहाटे अंधारात उठायचं. जात्यावर बसायचं. खानदेशात जात्याला ‘घरोट’ म्हणतात आणि बहिणाबाईंनी त्या नावानेच त्यावर गाणं रचलं आहे. घरातल्या सगळ्यांची भाकर पुरेल एवढं पीठ पडायला बराच वेळ लागतो. एका हाताने खुंटा ओढायचा, दुसऱ्या हाताने मूठमूठ दाणे तोंडात टाकायचे. पाळी गोल फिरते, परत तिथेच येते. मग शेण-गोठा, झाडलोट, पाणी. मग चूल. मग डोक्यावर भाकरीचं टोपलं घेऊन शेत. पेरणीच्या दिवसांत पेरणी, मग निंदणी, मग कापणी, रगडणी, उपणणी. कापूस वेचायचा. उन्हं उतरली की घर. पुन्हा चूल. दुसऱ्या दिवशी पुन्हा घरोट.

आता ही यादी पुन्हा एकदा वाचा. पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी, घरोट, चूल. त्यांच्या गाण्यांचे विषय नेमके हेच आहेत. विषय शोधायला त्या कुठे गेल्या नाहीत. ज्या कामाने त्यांचा दिवस भरलेला होता, त्याच कामाकडे त्यांनी नीट पाहिलं.

नीट पाहणं म्हणजे काय, याचं एक उदाहरण घेऊ. उपणणी करायची म्हणजे उंचावर उभं राहून मळलेलं धान्य वाऱ्यावर सोडायचं. दाणे खाली पडतात, भूस उडून जातं. पण वारा नसेल तर सुपली हातात धरून नुसतं ताटकळत राहावं लागतं. हे कुणालाही कंटाळवाणंच वाटेल. बहिणाबाईंनी त्या थांबण्यातून वाऱ्याशी बोलणं काढलं. झाडावर सुगरणीचा खोपा त्यांनी पाहिला. तो रोज शेतावर जाणाऱ्या प्रत्येक बाईने पाहिला होता. त्यांना त्यात एका पाखराचं कसब दिसलं आणि ते पाहून माणसाला काय सांगावं हेही सुचलं. तव्यावर भाकरी टाकताना हात पोळतो, हे रोजचंच. त्यांनी त्या तव्यात अख्खा संसार पाहिला. उभ्या पिकात शिरणाऱ्या ओढाळ गुराला हाकलून हाकलून त्या दमल्या असतील, म्हणून तर माणसाच्या मनाचा ओढाळपणा त्यांना इतका अचूक सांगता आला.

म्हणजे काम बदललं नाही, पाहणारी बाई जागी होती.

गाणं कामातच का आलं

इथे शिक्षकांसाठी एक मुद्दा. गाणं रचायला त्यांनी वेगळा वेळ काढला नाही, तो त्यांच्याकडे नव्हताच. मग त्या रचत कधी होत्या? काम करतानाच.

जात्याचा एक ठेका असतो. हात त्या ठेक्यात गुंतला की मन मोकळं होतं. ओवीचा छंद या ठेक्यावरच बसतो. म्हणून तर महाराष्ट्रभर बायांनी जात्यावर ओव्या रचल्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅ यांनी गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, यावरून या खजिन्याचा अंदाज यावा. बहिणाबाई या मोठ्या परंपरेतल्याच. फरक एवढा की इतरांच्या ओव्या गावाच्या नावावर राहिल्या, बहिणाबाईंची गाणी त्यांच्या नावाने आपल्यापर्यंत आली.

एकसुरी काम मनाला दोन वाटा दाखवतं. एक वाट म्हणजे हात चालू आणि मन मेलेलं. दुसरी म्हणजे हात चालू आणि मन हिंडतंय, बघतंय, जुळवतंय. पहिली वाट सोपी आणि दुसरीला सवय लागते. बहिणाबाईंना ती सवय लहानपणीच्या भजनांनी आणि ओव्यांनी लावली होती.

त्यांचं एक गाणं योगी आणि सासुरवाशीण यांच्यातल्या बोलण्याचं आहे. माहेरची ओढ असलेल्या बाईला योगी विचारतो की इतकं माहेर आवडतं तर सासरी का राबतेस. तिचं उत्तर असं की आपण इथे नांदतो म्हणूनच उद्या आपल्या लेकीला यायला माहेर असेल. बघा, काम तेच आहे. तीच चूल, तोच गोठा. पण हे कुणासाठी चाललंय ते तिला कळलंय. मला वाटतं, रोजच्या रटाळ वाटणाऱ्या आयुष्याला अर्थ कुठून येतो, याचं याहून सरळ उत्तर मी तरी वाचलेलं नाही. आपल्या कामाच्या पलीकडच्या टोकाला कोण उभं आहे, ते दिसलं पाहिजे.

गाणी वाचली कशी

सोपान शाळेत जाऊ लागला. पुढे हेच सोपानदेव चौधरी (१९०७-१९८२) मराठीतले कवी म्हणून नावारूपाला आले. असं सांगतात की शाळेच्या पुस्तकातली सावित्री-सत्यवानाची गोष्ट त्यांनी एकदा आईला वाचून दाखवली. सकाळी बघतात तर आईने त्या गोष्टीचं गाणं करून ठेवलेलं! तेव्हापासून त्यांनी आईची गाणी वहीत उतरवायला सुरुवात केली. नात्यातले पितांबर चौधरी यांनीही काही गाणी टिपून घेतली.

शिक्षकांनो, हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. शाळेतला एक धडा घरी गेला, निरक्षर आईच्या कानावर पडला आणि त्याचं गाणं झालं. आपण शिकवलेलं घरी कुणाच्या कानावर पडतं, हे आपल्याला कधीच कळत नाही.

मात्र सगळी गाणी वहीत आली नाहीत. कामाच्या धबडग्यात म्हटलेली किती तरी वाऱ्यावर गेली. बहिणाबाईंना स्वतःला त्याचं काही वाटत नसावं. गाणं हा त्यांच्या कामाचा भाग होता, जपून ठेवायची वस्तू नव्हती.

३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावात त्यांचं निधन झालं. त्या कवयित्री आहेत हे तोवर घराबाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही संकोचत आचार्य अत्रे यांना दाखवली. अत्र्यांनी तिचं मोल तिथल्या तिथे ओळखलं आणि ती छापायचा आग्रह धरला. १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक अत्र्यांच्या प्रस्तावनेसह निघालं. त्यातली भाषा होती लेवा गणबोली, खानदेशी आणि वऱ्हाडीच्या नात्यातली. ती कुणी ‘शुद्ध’ करून छापली नाही, हे आपलं भाग्य. १९६१ सालच्या ‘मानिनी’ चित्रपटामुळे त्यांची गाणी घराघरात गेली. २०१८ साली जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचं नाव देण्यात आलं. ज्या बाईला सही करता येत नव्हती, तिचं नाव आज हजारो पदवी प्रमाणपत्रांवर असतं.

एक सावधगिरी

आता हा पाठ शिकवताना एक चूक होऊ शकते, ती माझ्याकडूनही झाली आहे. बहिणाबाई कशा हसत राबल्या हे सांगून आपण मुलांना, विशेषतः मुलींना, मुकाट्याने राबायला शिकवू नये. कष्ट चांगले असतात म्हणून त्यांनी गायलं नाही. कष्ट टळणार नव्हते आणि त्या कष्टात त्यांनी आपलं मन मरू दिलं नाही. पिठाची गिरणी आली तेव्हा बायांनी जातं आनंदाने सोडलं आणि ते योग्यच झालं. ओवी सुंदर आहे म्हणून कुणाला पुन्हा पहाटे जात्यावर बसवायचं नसतं.

आमच्या कळमन्यात मिरची खुडणाऱ्या मायला हातमोजे मिळावेत, पूर्ण मजुरी मिळावी, सावली मिळावी. यातलं काही बहिणाबाईंच्या नावाखाली टाळता येणार नाही. अर्थ शोधणं हे ज्याचं त्याने करायचं असतं. दुसऱ्याचं ओझं तसंच ठेवून त्याला अर्थ शोध म्हणून सांगणं हा ढोंगीपणा आहे.

पुन्हा ती वही

त्या मुलाच्या निबंधाचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. बहिणाबाईंचा पाठ संपल्यावर मी ती वही परत मागून घेतली. लाल शाई पुसता येत नाही. म्हणून मी खाली निळ्या शाईने लिहिलं की हा निबंध मी नीट वाचला नव्हता, गुण दहापैकी नऊ. एक गुण कापला तो विरामचिन्हांसाठी, कारण ती त्याने एकही दिली नव्हती!

मग मी त्याला तीन दिवस पुन्हा लिहायला सांगितले. मायचं काम तेच राहू दे, पण प्रत्येक दिवशी तिने केलेली किंवा बोललेली एक वेगळी गोष्ट शोधून आण, एवढीच अट घातली. पहिल्या दिवशी त्याने लिहिलं की माय देठ खुडताना मिरच्या मोजत नाही, बोलणं मोजते. बाजूच्या काकूची अर्धी गोष्ट संपली की एक पोतं होते. दुसऱ्या दिवशी लिहिलं की घरी आल्यावर माय त्याला लगेच जवळ घेत नाही. हाताला तिखट असते, म्हणून आधी हात तेलाने चोळते, मग धुते, मग जवळ घेते. तिसऱ्या दिवसाला त्याने एकच ओळ लिहिली होती, की माय हे सगळं माझ्या शाळेसाठी करून राहिली.

‘करून राहिली’ला मी या वेळी गोल केला नाही.

पुढच्या पालकसभेला मी ते तीन दिवस त्याच्या आईला वाचून दाखवले. ती काही बोलली नाही. पदराने तोंड पुसलं आणि ती वही घरी नेऊ का, एवढंच विचारलं.

वर्गात घेता येण्यासारखे उपक्रम

१. घरातल्या एका व्यक्तीचं रोजचं काम मुलांनी पाच मिनिटं नुसतं बघायचं आणि जे दिसलं ते घरच्या बोलीत लिहायचं. बोलीतले शब्द दुरुस्त करू नका. प्रमाण भाषेतला शब्द शेजारी वेगळा लिहून घ्या, म्हणजे मुलांना दोन्ही शब्द मिळतील.

२. आजी किंवा शेजारच्या म्हाताऱ्या बायांना जात्यावरची एखादी ओवी आठवते का ते विचारा. आठवली तर मुलांनी ती वहीत उतरवून घ्यावी. सोपानदेवांनी हेच केलं होतं.

३. परिसरातल्या कामांचे शब्द गोळा करा. आमच्याकडे हमाली, मापाई, खुडणी, पाखडणी असे शब्द मिळाले. तुमच्या गावात वेगळे मिळतील.

४. पालकांसाठी : रात्री जेवताना मुलाला आज काय शिकवलं हे विचाराच, पण आज आपण दिवसभर काय केलं तेही त्याला सांगा. ‘रोजचंच’ म्हणून सोडून देऊ नका.

विचार करण्यासाठी प्रश्न

१. बहिणाबाईंच्या गाण्यांचे विषय त्यांच्या कोणत्या कामांतून आले?
२. सोपानदेव आणि पितांबर चौधरी यांनी गाणी लिहून घेतली नसती तर काय झालं असतं?
३. तुमच्या घरात असं कोणतं काम आहे, जे रोज होतं आणि ज्याकडे कुणीच पाहत नाही?

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं मुलांकडून मिळाली तर जपून ठेवा. ती पुसट पेन्सिलीने लिहिलेली असतील, शब्द बोलीतले असतील, वाक्यं तीच ती असतील. तरी घाईने लाल पेन उचलू नका. आधी एकदा पूर्ण वाचा.